चुकीनंतरची पहिली पाच मिनिटं

कारखान्यात माणूस सतत शिकत असतो. नवा मुलगा मशिनवर उभा राहिला की पहिल्या आठवड्यातच त्याला बरंच काही उमगतं. कोणत्या साहेबांसमोर बोलायचं, कुणासमोर गप्प राहायचं, बिघडलेला जॉब कुठे ठेवायचा, रजिस्टरमध्ये कोणता आकडा लिहिला की कुणी काही विचारत नाही, हे सगळं तो बघून बघून शिकतो. त्यासाठी वर्ग भरवावा लागत नाही. म्हणून एखादे व्यवस्थापक जेव्हा उत्साहाने म्हणतात, ‘आमच्याकडे सतत शिकण्याची संस्कृती रुजवायची आहे,’ तेव्हा त्यांना आधी एवढंच विचारावंसं वाटतं, की आज तुमच्याकडे लोक काय शिकताहेत? रान रिकामं नाही, तिथे एक पीक आधीच उभं आहे. ते न बघता नवं पेरायला गेलेल्या पुष्कळ योजना मी वाया गेलेल्या पाहिल्या आहेत.

भोसरीपासून वाळूजपर्यंत आणि साताऱ्यापासून गोकुळ शिरगावपर्यंत पसरलेल्या कारखान्यांतल्या फोरमन, सुपरवायझर, सेटर आणि लहान वर्कशॉपच्या मालकांसाठी हे पुस्तक लिहिलं आहे. मोठ्या कंपन्यांतल्या प्रशिक्षण विभागांनीही ते वाचावं, पण लेखकाच्या नजरेसमोर पंचवीस-तीस माणसांचं शॉप आहे. तिथे प्रशिक्षण विभाग नसतो. जो शिकवतो तोच डिस्पॅचचीही काळजी करतो, आणि महिनाअखेरीला त्याच्या डोक्यावर दोन्हींचं ओझं असतं. त्या माणसाला उपयोगी पडेल असं मराठीत फार थोडं लिहिलं गेलं आहे. ही उणीव मला कित्येक वर्षं बोचत आली आहे.

विषय कुठून सुरू होतो ते एका साध्या प्रसंगावरून सांगतो. समजा, सीएनसी लेथवर बोअर फिनिश करायचा आहे आणि टॉलरन्स बारीक आहे. इन्सर्ट झिजत जातो तसा बोअर लहान येऊ लागतो, म्हणून ऑपरेटर मधूनमधून ऑफसेट देतो. एके दिवशी ०.०५ टाकायचे, ते घाईत ०.५ टाकले गेले. पुढचे तीन जॉब जवळजवळ अर्धा मिलिमीटर मोठे आले. मोठा झालेला बोअर लहान करता येत नाही, जॉब थेट स्क्रॅपमध्ये. मुलाने गेज लावला, गेज सैल गेला, आणि काय झालं ते त्याला कळलं.

आता पुढची पाच मिनिटं बघा. एका शॉपमध्ये सुपरवायझर येतो, सगळ्यांदेखत आवाज चढवतो, ‘डोळे कुठे होते?’ असं विचारतो आणि मेमो देण्याची भाषा करतो. मुलगा त्यातून धडा घेतो आणि तो पक्का घेतो. पुढच्या वेळी बिघडलेले तीन जॉब स्क्रॅपच्या बिनच्या तळाशी जातात, नाहीतर चांगल्या मालात मिसळतात आणि गिऱ्हाइकाच्या असेंब्ली लाइनवर सापडतात. आजूबाजूच्या मशिनवरच्या चौघांनी हे पाहिलेलं असतं, तेही तेच शिकतात. दुसऱ्या शॉपमध्ये सुपरवायझर आधी मशिन थांबवायला लावतो, आधीचे आठ-दहा जॉब बाजूला काढून मोजतो आणि मग विचारतो, ‘काय टाकलंस, कुठे बघून टाकलंस, मला पहिल्यापासून करून दाखव.’ मुलगा दाखवतो. तेव्हा लक्षात येतं की ऑफसेट किती द्यायचा हे तो मनातल्या मनात काढतो, कारण तक्ता क्वालिटीच्या टेबलावर आहे, मशिनजवळ नाही. शिवाय बऱ्याच कंट्रोलरांत एका वेळी जास्तीत जास्त किती ऑफसेट देता येईल याची मर्यादा पॅरामीटरमधून घालता येते, ती या मशिनवर घातलेलीच नाही. संध्याकाळपर्यंत ती सगळ्या लेथवर घातली जाते आणि तक्ता मशिनला चिकटवला जातो. तीन जॉबचं नुकसान दोन्हीकडे सारखंच झालं, पण दुसऱ्या शॉपने त्या पैशांत काहीतरी विकत घेतलं.

या पुस्तकाचं सगळं म्हणणं त्या पाच मिनिटांत आहे. प्रशिक्षणाचं वार्षिक कॅलेंडर, किती माणसांना किती तास शिकवलं त्याचे तक्ते, भिंतीवरची घोषवाक्यं, हे सगळं नंतरचं. माणसं शिकणार की लपवायला शिकणार, हे चूक झाल्यावर वरचा माणूस पहिल्यांदा काय बोलतो त्यावर ठरतं.

इथे एक शंका हमखास येते आणि ती रास्त आहे. सगळंच पोटात घातलं तर शिस्त कुठे राहील? लेखकाने त्यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे आणि त्याची मांडणी मला पूर्ण पटते. हात चुकणं वेगळं, पद्धत माहीत नसणं वेगळं, आणि प्रेसवरचा सेफ्टी सेन्सर उत्पादनासाठी जाणूनबुजून बंद करून ठेवणं वेगळं. तिसऱ्या गोष्टीला माफी असू नये, कारण तिथे कुणाची तरी बोटं जातात. तरीसुद्धा तिथे आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो. तो सेन्सर बंद आहे हे शॉपमध्ये किती जणांना ठाऊक होतं, आणि टार्गेट पूर्ण होतंय म्हणून किती जण गप्प बसले?

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधं देण्याच्या चुकांचा अभ्यास केला. ज्या वॉर्डांत परिचारिकांचं आपसात चांगलं जमतं, जिथल्या प्रमुख चांगल्या आहेत, तिथे चुका कमी असतील अशी त्यांची अटकळ होती. आकडे उलटे आले. चांगल्या गटांत चुकांची नोंद जास्त होती. खोलात गेल्यावर उलगडा झाला. त्या वॉर्डांत चुका उघडपणे सांगितल्या जात होत्या, बाकीच्या ठिकाणी त्या दडपल्या जात होत्या. पुढे १९९९ मध्ये त्यांनी एका उत्पादन कंपनीतल्या गटांवर निबंध लिहिला. तोंड उघडलं तर अपमान होणार नाही असा भरवसा असेल, तरच गट शिकतो, हे त्यात त्यांनी दाखवून दिलं.

शॉपवर याचा परिणाम फार ठोस असतो आणि तो आधीच माहीत असायला हवा. चुका सांगायला मोकळीक दिली की पहिल्या दोन-तीन महिन्यांत रिजेक्शनचा आकडा वाढतो. माल पूर्वीइतकाच बिघडत असतो, पण आता तो वहीत उतरतो. नेमक्या याच वेळी मालक घाबरतो, मीटिंगमध्ये सुपरवायझरला धारेवर धरतो आणि सगळं पुन्हा पूर्ववत होतं. चांगल्या हेतूने सुरू केलेले कितीतरी प्रयत्न असे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच बंद पडतात. मालकांनी या पुस्तकातून दुसरं काही घेतलं नाही तरी चालेल, एवढं एक घ्यावं. वाढलेल्या आकड्यासाठी मनाची तयारी ठेवूनच सुरुवात करावी.

या विषयावरचं माझ्या माहितीतलं सर्वांत बोलकं उदाहरण अमेरिकेतलं आहे. कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्ट इथे जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना होता. तो कंपनीच्या सर्वांत वाईट कारखान्यांत गणला जाई. गैरहजेरी २० टक्क्यांच्या आसपास, युनियन आणि व्यवस्थापन यांच्यात रोजची भांडणं, आणि लाइन कोणत्याही परिस्थितीत थांबवायची नाही असा दंडक. चुकीचा भाग बसला तरी गाडी पुढे जायची आणि शेवटी दुरुस्तीच्या आवारात उभी राहायची. १९८२ साली हा कारखाना बंद पडला. नंतर जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी मिळून तो पुन्हा सुरू करायचं ठरवलं. १९८४ मध्ये ‘नुम्मी’ या नावाने काम सुरू झालं. नव्या कारखान्यात घेतलेल्या कामगारांत बहुसंख्य जुनेच होते. तीच माणसं आणि तीच युनियन. मात्र टीम लीडर आणि ग्रुप लीडर म्हणून निवडलेल्या शेकडो जणांना काही आठवड्यांसाठी जपानला टोयोटाच्या कारखान्यात पाठवलं. तिथे ते लाइनवर उभे राहून शिकले.

तिथून ते परतले ते एका दोरीची ओळख करून घेऊन. लाइनच्या वरून जाणारी ही दोरी कोणत्याही कामगाराने अडचण आली की ओढायची. ओढल्याबरोबर दिवा लागतो, सूर वाजतो आणि टीम लीडर धावत येतो. गाडी त्या टप्प्याच्या रेषेपर्यंत पोहोचायच्या आत अडचण सुटली तर लाइन थांबतही नाही. नाही सुटली तर थांबते. जुन्या कारखान्यात लाइन थांबवणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं होतं. इथे दोरी ओढली नाही तर लीडर काळजीत पडायचा, की अडचणी आहेत आणि सांगितल्या जात नाहीत की काय? एक-दोन वर्षांतच तिथल्या गाड्यांची गुणवत्ता जनरल मोटर्सच्या सगळ्या कारखान्यांत वरच्या क्रमांकावर गेली आणि गैरहजेरी अगदी थोडी उरली.

दोरी सगळ्यांच्या लक्षात राहते. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती १९८८ सालची गोष्ट. गाड्यांचा खप घसरला, कारखान्याला पुरेसं काम उरलं नाही. कंपनीने कामगारांना कमी केलं नाही. ज्यांना लाइनवर काम नव्हतं त्यांना प्रशिक्षणाला बसवलं, सुधारणांच्या कामावर लावलं. सुरुवातीच्या करारात संकटाच्या काळात नोकऱ्या राखण्याचा शब्द दिलेला होता आणि तो पाळला गेला. स्वतःच्या कामातली उधळपट्टी दाखवून दिली तर आपलीच नोकरी जाईल अशी भीती असेल, तर कोणता कामगार ती दाखवेल? कायझेनच्या सूचनापेट्या आपल्याकडे रिकाम्या का असतात, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं. सूचना करणाऱ्याला टी-शर्ट मिळतो, आणि तीच सूचना अमलात आली की शेजारच्या ठेकेदारी मुलाची कामावरची जागा जाते. माणसं एवढा हिशोब करतात.

या कथेचा पुढचा भाग दुःखद आहे. जनरल मोटर्सचे अनेक व्यवस्थापक नुम्मीमध्ये काम करून, शिकून बाहेर पडले, पण कंपनीला ते ज्ञान इतर कारखान्यांत नेता आलं नाही. लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइजच्या कारखान्यात तसा प्रयत्न झाला. टीम केल्या, दोरी आली, पण बाकी सगळं जुनंच राहिलं. फोरमनला दोरीचा राग यायचा, पुरवठादार सदोष भाग पाठवतच राहिले. १९९२ मध्ये तो कारखाना बंद झाला. आपल्याकडे जपानी पद्धतींच्या नावाखाली रंगवलेले पट्टे, फाइव्ह-एसचे फलक आणि पिवळे दिवे जागोजागी दिसतात. ते पाहिले की मला व्हॅन नाइज आठवतं.

शिकवण्याची जी पद्धत टोयोटाने फ्रीमॉन्टला नेली, ती मुळात अमेरिकेतच जन्मली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लाखो नवखे लोक, त्यांत फार मोठ्या संख्येने स्त्रिया, कारखान्यांत आले. त्यांना लवकर तयार करण्यासाठी १९४० ते १९४५ या काळात ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ ही मोहीम चालली. युद्धानंतर ती जपानमध्ये गेली, टोयोटाने १९५० च्या दशकात ती आपलीशी केली आणि अमेरिका स्वतः विसरली. तिचा गाभा चार पायऱ्यांचा आहे. आधी शिकणाऱ्याला निवांत करायचं आणि त्याला काय येतं ते विचारायचं. मग काम टप्प्याटप्प्याने करून दाखवायचं, प्रत्येक टप्प्यातली खुबी आणि त्या खुबीमागचं कारण सांगायचं. मग त्याच्याकडून करून घ्यायचं, आणि करता करता त्यालाच कारण सांगायला लावायचं. शेवटी त्याला कामावर एकटं सोडायचं, पण कुणाला विचारायचं ते नेमकं सांगून, आणि पहिले काही दिवस मधूनमधून जाऊन बघायचं.

वाचायला हे सोपं वाटतं. आपल्या शॉपमध्ये बहुतेक वेळा फक्त दुसरी पायरी होते, तीही अर्धी: ‘हे बघ, असं करायचं, समजलं ना?’ मुलगा मान डोलावतो. त्याला कारण सांगितलेलं नसतं. फिक्श्चरमध्ये जॉब ठेवण्याआधी हवेने चिप्स का झाडायच्या हे सांगितलं नाही, तर काम अंगावर आल्यावर तो पहिल्यांदा तीच गोष्ट गाळतो, कारण त्याच्या लेखी ती फक्त साफसफाई आहे. लोकेटरखाली एक बारीक चिप राहिली की जॉब तिरका बसतो आणि पुढचं सगळं मोजमाप चुकतं, हे एकदा त्याच्या डोळ्यांसमोर मुद्दाम करून दाखवलं तर तो जन्मभर विसरणार नाही. पुस्तकातलं चौथं प्रकरण अशा ‘का’ने भरलेलं आहे. मला ते सर्वांत मौल्यवान वाटलं.

हा सगळा विचार बाहेरून आलेला आहे असं कुणी समजू नये, म्हणून किर्लोस्करवाडीकडे बघायला हवं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला घेतली. रंगांतला फरक ओळखण्यात डोळ्यांचा दोष आड आला, म्हणून ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. नंतर बेळगावात सायकलींचं दुकान, मग लोखंडी नांगर आणि कडबा कापायचं यंत्र. १९१० साली औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जागा दिली आणि कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळरानावर कारखाना उभा राहिला. आसपास तंत्रशाळा नाही, शिकलेला कामगार नाही. माणसं आली ती शेतावरून आणि शाळा अर्धवट सोडून. त्यांच्यातलेच अनंतराव फळणीकर पुढे कल्पक इंजिनिअर म्हणून नावाजले. शाळेत मन न रमलेले शंभूराव जांभेकर यंत्रांच्या कामात तरबेज झाले. ज्यांना शाळेने नापास ठरवलं होतं, त्यांच्या हातून या वाडीने फाउंड्री आणि मशीनशॉप चालवलं.

हे घडलं कारण मालक स्वतः शिकत होता आणि ते सगळ्यांना दिसत होतं. लोखंड ओतण्याचं काम लक्ष्मणराव कुठल्या कॉलेजात शिकले नव्हते. वाचून, करून, बिघडवून, पुन्हा करून ते हाती आलं. ज्या शॉपमध्ये सर्वांत वरचा माणूस ‘हे मलाही येत नाही, चल बघू’ असं म्हणतो, तिथे खालच्याला ‘मला येत नाही’ म्हणायची लाज वाटत नाही. शिवाय या कारखान्याने १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक सुरू केलं, शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली. नांगर आणि पंप बनवणाऱ्या जागेतून निघालेलं ते पत्रक पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, त्याच्यामागून ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ आली, आणि महाराष्ट्राच्या दोन पिढ्या ती वाचत वाढल्या. यंत्राचं काम आणि लिहिणं-वाचणं या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत असं त्या वाडीला कधी वाटलं नाही. आज आपल्या बहुतेक शॉपमध्ये कामाबद्दल लिहिलेला मराठीतला एक कागदही सापडत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

दुसरं उदाहरण कारखान्यातलं नाही, तरी ते इथे हवंच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९० च्या दशकात गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. या आरोग्यदूतांचं शिक्षण जेमतेम पाचवी ते दहावी. बाळाचं वजन करणं, तापमान घेणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं, इथपासून अँटिबायोटिकचं इंजेक्शन देण्यापर्यंत त्या शिकल्या. एकोणचाळीस गावांतल्या या कामाचा निबंध १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. हे एका शिबिराने झालेलं नाही. शिकवणं टप्प्याटप्प्याने झालं, आणि दर पंधरा दिवसांनी डॉक्टर गावात जाऊन त्यांच्या नोंदी तपासत, बाळं पाहत, चुकलेलं तिथेच सुधारत. वर सांगितलेली चौथी पायरी ती हीच. एवढं शिक्षण नसलेल्या बायका हे करू शकल्या, तर आयटीआय झालेल्या आपल्या मुलाला ‘याला काही कळत नाही’ म्हणून मोकळं होण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

अनुभवी माणसांविषयीही थोडं बोलायला हवं. वीस वर्षं लेथवर काढलेला सेटर म्हणतो, मला आता काय शिकायचं? अमेरिकेतले शल्यविशारद अतुल गावंडे, ज्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे, यांनी शस्त्रक्रियेत नाव कमावल्यानंतर आपल्या एका निवृत्त गुरूंना ऑपरेशन थिएटरमध्ये येऊन नुसतं बघायला बोलावलं. गुरूंनी बारीकसारीक गोष्टी टिपल्या. कोपर फार उंच जातंय, दिवा जखमेवरून सरकलाय, अशा. गावंडे यांनी २०११ मध्ये हे मोकळेपणाने लिहिलं. जगभर वाखाणलेला सर्जन स्वतःच्या कामावर दुसऱ्याची नजर मागून घेतो, ही गोष्ट मी प्रत्येक सीनिअर सेटरला सांगत असतो. काहींना ती आवडत नाही. ज्यांना आवडते त्यांच्या हाताखाली मुलं टिकतात.

आता सर्वांत अवघड गोष्टीकडे येतो. पुण्याच्या आणि नाशिकच्या पट्ट्यात कितीतरी शॉपमध्ये आज लाइनवर उभी असलेली माणसं कायम नाहीत. कुणी ठेकेदाराकडून आलेला, कुणी ट्रेनी या नावाखाली घेतलेला. काही महिने झाले की ब्रेक. हातात काम बसायला लागतं न लागतं तोच मुलगा निघून जातो आणि त्याच्या जागी नवा येतो, ज्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवायचं. त्या मुलाच्या बाजूने विचार करा. इथून सहा-सात महिन्यांत जायचंच आहे, तर तो या मशिनची खोड का ओळखेल? आणि सुपरवायझर तरी दर वेळी नव्या जोमाने कुठून शिकवेल? मजुरीत वाचलेले पैसे रिजेक्शन, टूल तुटणं आणि गिऱ्हाइकाच्या डेबिट नोटा यांतून परत जातात, फक्त ते वेगळ्या खात्यावर लिहिले जातात म्हणून दिसत नाहीत. मी स्पष्टपणे म्हणतो: ज्याला माणसं टिकवायची नाहीत त्याने शिकण्याच्या संस्कृतीबद्दल बोलू नये. लेखक या बाबतीत माझ्याहून सौम्य आहेत. ठेकेदारी कामगारांनाही निदान पहिले दोन आठवडे एका जाणत्या ऑपरेटरच्या जोडीला द्यावं, आणि जाताना त्याला काय काय येतं याचं खरं प्रमाणपत्र द्यावं, असं ते सुचवतात. तेवढं झालं तरी पुष्कळ.

स्किल मॅट्रिक्सबद्दल दोन शब्द. प्रत्येक शॉपच्या भिंतीवर ते असतं: नावांपुढे गोल, गोलाचे चार भाग, जेवढं येतं तेवढे भाग काळे केलेले. मूळ कल्पना सुरेख आहे. पण गिऱ्हाइकाचं ऑडिट आलं की आदल्या संध्याकाळी हे गोल भराभर रंगवले जातात, हे आपण सगळे जाणतो. गोल कुणी भरायचा, काय बघून भरायचा आणि मुलाच्या समोर भरायचा, एवढे तीन नियम पाळले तरी तो तक्ता जिवंत होतो. मुलगा स्वतः म्हणाला पाहिजे, की चौथा भाग अजून भरू नका, मला सेटिंग एकट्याने जमत नाही.

आणि भाषा. काम कसं करायचं याचा कागद इंग्रजीत, तोही गिऱ्हाइकाने पाठवलेल्या नमुन्यातला, आणि तो वाचायचा परभणीहून नाहीतर गोरखपूरहून आलेल्या मुलाने. या पुस्तकात मराठीत लिहिलेले कामाचे नमुने दिले आहेत. त्यांतले शब्द शॉपवरचेच आहेत. फिक्श्चरला फिक्श्चर, इन्सर्टला इन्सर्ट, चिप्सला चिप्स. वाक्यं छोटी, प्रत्येक टप्प्याला फोटो, फोटोवर बाण. ते नमुने हिंदीत करायला अर्धा दिवसही लागणार नाही.

वेळेचा प्रश्न उरतो, आणि तो खरा आहे. दर तासाचा आकडा द्यायचा असताना शिकवायचं कधी? लेखकाचं उत्तर शिफ्ट बदलण्याच्या वेळेपासून सुरू होतं. पहिली शिफ्ट सुटताना आणि दुसरी येताना दोन्ही ऑपरेटर मशिनपाशी दहा मिनिटं एकत्र उभे राहिले पाहिजेत, आणि त्या दहा मिनिटांचे पैसे दोघांनाही मिळाले पाहिजेत. आज बहुतेक ठिकाणी पहिला हात धुऊन गेटकडे निघालेला असतो आणि दुसरा कार्ड पंच करत असतो. सात तासांत पहिल्याने जे ओळखलेलं असतं, की अमुक टूल आज आवाज करतंय, तमुक लॉटचं मटेरिअल कडक आहे, ते त्याच्याबरोबर बसमध्ये बसून घरी जातं. दुसरा तेच पुन्हा, जॉब बिघडवून शोधतो.

म्हणून माझी विनंती आहे, हे पुस्तक पहिल्या प्रकरणापासून वाचू नका. सहावं प्रकरण, शिफ्टच्या हस्तांतरावरचं, आधी वाचा. ते अकरा पानांचं आहे. केबिनमध्ये एकट्याने वाचण्याऐवजी दोन ऑपरेटर आणि एक सेटर यांना बरोबर घेऊन, चहाच्या सुटीनंतर अर्धा तास मशिन बंद ठेवून वाचा. शेवटी हस्तांतराच्या वहीचा नमुना आहे. त्यातले जे रकाने तुमच्या मशिनला लागू पडणार नाहीत, ते त्या तिघांना बदलायला सांगा आणि महिनाभर ती वही चालवा. पहिल्या आठवड्यात त्यात ‘सर्व ठीक’ एवढंच लिहिलेलं सापडेल. त्यावर कुणाला बोलू नका. ज्या दिवशी कुणी तरी ‘तीन जॉब माझ्याकडून गेले, ऑफसेट चुकला’ असं लिहील, त्या दिवशी त्याच्या मशिनपाशी जा आणि त्याला पहिल्यापासून करून दाखवायला सांगा.